अक्कांच्या हातनं पडलेला लॅपटॉप

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य माननीय शशिधर हिरेमठ सर. वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉ. शिवांजली मगदूम मॅडम. व्यासपीठावर विराजमान असलेले आपले माजी कार्यालयीन अधीक्षक आदरणीय हंबीरराव इंगवले सर. माझे सहकारी प्राध्यापक, कार्यालयातले आणि ग्रंथालयातले बंधू-भगिनी, आजी-माजी विद्यार्थी. पुढच्या रांगेत कुठंतरी खोकत बसलेले माझे अब्बा. आणि जिच्यासाठी, माफ करा, ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून जमलो, त्या सत्कारमूर्ती, ग्रंथपाल श्रीमती दानेश्वरी उमराणी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अक्का. आपणा सर्वांना इरम मुल्लाणीचा आदरपूर्वक नमस्कार.

सुरुवातीलाच एक खुलासा करते. माझ्या एका कानात वायर आहे. ती बघून मागच्या बाकावरच्या मंडळींना वाटलं असेल की मॅडम क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत भाषण करतायत. तसं नाही. मला लहानपणापासून दिसत नाही, हे इथं बहुतेकांना ठाऊक आहे. माझं भाषण समोरच्या लॅपटॉपमध्ये लिहिलेलं आहे आणि त्यातलं बोलणारं सॉफ्टवेअर ते माझ्या कानात वाचून दाखवतंय. या सॉफ्टवेअरला मराठी येत नाही. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते, त्यातला आवाज ते परदेशी साहेबाच्या थाटात वाचतो, आणि मी मनातल्या मनात सरळ करून तुम्हाला सांगते. तेव्हा मध्येच मी थांबले तर भावना दाटून आल्या असं समजू नका. साहेब अडखळलेला असतो.

साहेब हे नाव अक्कांनी ठेवलेलं. या खोक्यातला आवाज पहिल्यांदा ऐकल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "तंगी, ह्यो कोण गं सायब? ह्याला जरा सावकाश बोलायला सांग की." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. अक्का निपाणीकडच्या. मला या महाविद्यालयात नावानं फक्त हजेरीच्या वेळी हाक मारली गेली. बाकी सगळा वेळ मी तंगी होते आणि आहे.

आधीच्या वक्त्यांनी अक्कांच्या शिस्तीबद्दल, टापटिपीबद्दल, मनमिळाऊ स्वभावाबद्दल सांगितलं. सगळं खरं आहे. पण मला त्यांच्या एका खोट्याबद्दल बोलायचं आहे. अक्का, चुळबूळ करू नका. तुमच्या बांगड्या मला ऐकू येतात.

मी इथं एम.ए.ला होते तेव्हाची गोष्ट. जयसिंगपूरहून रोज एस.टी.नं यायची. अब्बांचं तिथं शिलाईचं दुकान आहे. ते मला गाडीत बसवून द्यायचे, कंडक्टरला दहा वेळा बजावायचे आणि मग दुकान उघडायचे. माझा विषय इंग्रजी. ब्रेलमध्ये पुस्तकं मिळायची, पण जी मिळायची ती अभ्यासक्रमात नसायची, आणि जी अभ्यासक्रमात असायची ती मिळायची नाहीत. मग वाचणार कसं?

अक्कांच्या तोंडून. दुपारच्या सुट्टीत सगळा स्टाफ डबे उघडायचा. अक्का भाकरीचे चार घास उभ्या उभ्या खायच्या आणि वाचनकक्षाच्या मागच्या खोलीत मला पुस्तक वाचून दाखवायच्या. त्यांचं शिक्षण कन्नडमधून झालेलं. इंग्रजी त्या जसं लिहिलंय तसं वाचायच्या, एकही अक्षर न गाळता. जे अक्षर साऱ्या जगात मुकं आहे त्यालासुद्धा अक्कांकडे तोंड उघडावं लागायचं. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर परीक्षेत लेखनिकाला स्पेलिंग सांगताना माझी एक चूक होईना, तेव्हा कळलं की आपल्याला काय मिळतंय. हे त्यांनी एखाददुसरा दिवस केलं नाही. माझ्या एफ.वाय.पासून केलं. घसा बसला की गरम पाणी प्यायच्या आणि पुढचं पान उलटायच्या.

पण अक्कांना एक गोष्ट खुपत होती. एकदा म्हणाल्या, "मी वाचती तवा तू ऐकतीस. मी थांबली की तुझं बी थांबतंय. हे काय बरं न्हाय. तुला पायजे तवा तुला वाचता याया पायजे." आणि मग त्या कामाला लागल्या. राजारामपुरीतल्या एका सेवाभावी मंडळाकडे त्यांनी इतक्या खेपा घातल्या की मंडळाच्या लोकांनी, मला वाटतं, सुटका म्हणून हा लॅपटॉप दिला. श्रावणात तो ग्रंथालयात आला. बोलणाऱ्या सॉफ्टवेअरसकट.

त्याचं मला सर्वांत अप्रूप कशाचं वाटलं असेल? तुम्ही पुस्तकात खूण घालता, पान दुमडता. ऐकणाऱ्यानं काय दुमडायचं? कुठवर आलो होतो ते शोधण्यातच माझा निम्मा वेळ जायचा. या लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपायचा. पंखा थांबायचा. घरी जाऊन झाकण उघडलं की ज्या वाक्यावर सोडलं त्याच वाक्यावर साहेब पुन्हा सुरू. मला त्या दिवसांत एवढा आनंद झाला होता की एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही मी ते सांगितलं होतं. तिनं मला फुटाणे दिले.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि साहेबाची झोप उडाली.

झाकण मिटलं तरी आत पंखा सुरूच. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापून एवढा गरम व्हायचा की मांडीवर घेतला तर चटका बसायचा. घरी पोचेपर्यंत बॅटरी संपलेली, न साठवलेली टिपणं गेलेली, वाक्य हरवलेलं. यंत्रात आणखी एक सोय असते. बॅटरी अगदी संपत आली की आतलं सगळं डिस्कवर उतरवून यंत्र आपणहून पुरतं बंद होतं. हायबरनेट म्हणतात त्याला. तेही होईना, कारण बॅटरी जुनी, संपत आल्याची सूचना आली की लगेच संपायचीच. बिचारा बॅगेत धापा टाकत शेवटपर्यंत जागा राहायचा आणि मग एकदम मान टाकायचा.

एकदा हातकणंगल्याच्या पुढं गाडी खचाखच भरलेली असताना माझ्या बॅगेतून साहेब मोठ्यांदा बोलायला लागले. बॅटरी संपत आल्याची सूचना पडद्यावर आली होती आणि जे पडद्यावर येईल ते वाचायचं हे त्यांचं कामच. एक म्हातारी ओरडली, "आगं बया, पिशवीत कोन बोलतंय!" कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "पावणं, बॅगत कोण हाय?"

मी म्हटलं, "साहेब आहे."

"तिकीट काढलंय का सायबाचं?"

सगळी गाडी हसली. मीही हसले. घरी गेल्यावर मात्र रडले. एक अख्खं प्रकरण गेलं होतं. अब्बा मशीनवरून उठून आले आणि हळूच म्हणाले, "परायी चीज है बेटा. इल्जाम आने के पहले वापस कर दे." माझ्या अब्बांना मी ओळखते. त्यांना लॅपटॉपची भीती नव्हती. आपल्या आंधळ्या मुलीला चार लोकांत कुणी बोल लावील, याची होती. आणि लॅपटॉप परत गेला असता तर माझं शिक्षणही त्याच्या मागोमाग गेलं असतं. अब्बांनीच थांबवलं असतं, मायेनं.

श्रीशैल बसवदे आज सभागृहात आहेत का? आहेत. राजारामपुरीत यांचं कॉम्प्युटरचं दुकान. ग्रंथालयानं लॅपटॉप त्यांच्याकडे दिला. श्रीशैलनी काय केलं नाही? झाकण मिटल्यावर झोपायचं, अशी सेटिंग आहे का ते बघितलं. होती. हायबरनेटची खूण काढली, परत घातली. अँटीव्हायरस काढला. माउस काढला, कारण म्हणे कधीकधी माउस यंत्राला झोपू देत नाही. ड्रायव्हर नवे घातले. शेवटी सगळं पुसून पहिल्यापासून घातलं. प्रत्येक वेळी झाकण मिटायचं, कान लावायचा आणि म्हणायचं, "जागाच हाय."

मग त्यांचा संशय साहेबावर गेला. बोलणारं सॉफ्टवेअर यंत्राला जागं ठेवत असणार. "ते काढून टाकूया काय?" असं त्यांनी अगदी सज्जनपणे विचारलं. मी म्हटलं, "काढा. मग लॅपटॉप छान झोपेल आणि मीही घरी जाऊन झोपेन." श्रीशैल, तेव्हा मी फार तोडून बोलले. तुमचं काही चुकत नव्हतं. आणि तुम्ही ते काढलं नाहीत, हे मी विसरलेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ग्रंथालय समितीची बैठक झाली. मला बोलावलं होतं. आता इथं मला जरा जपून बोललं पाहिजे, कारण हंबीरराव सर माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेत आणि त्यांच्या अत्तराचा वास मला येतोय. सर त्या वेळी अधीक्षक. संस्थेची प्रत्येक खुर्ची आपल्या घरची आहे अशा काळजीनं वागवणारे. ते वाईट बोलले नाहीत. पण बोलले ते असं: "मुलगी हुशार हाय, प्रश्नच न्हाय. पण यंत्र नाजूक असतंय. दिसत न्हाय म्हटल्यावर कुठं आपटलं, कुठं धडकलं, तिला तरी काय कळणार? एस.टी.तनं न्यायची वस्तू हाय का ती? मंडळाला परत देऊया. मोडलेलं दिलं असं नको व्हायला."

मी तो लॅपटॉप एकदाही आपटला नव्हता. तो मी तान्ह्या बाळासारखा पोटाशी धरून नेत होते. पण सिद्ध कसं करणार? मी नाही म्हणाले असते तर सगळे मान हलवून म्हणाले असते, हो गं बाळ, तुझी चूक नाही. आणि लॅपटॉप गेला असता. ती दया मला आत्ताही आठवली की कानशिलं तापतात. मी उठून उभी राहिले. परत करते, असं म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली.

"माझ्या हातनं पडलं," अक्का म्हणाल्या.

हंबीरराव सर म्हणाले, "काय पडलं?"

"लॅपटॉप. माझ्या हातनं पडला. हिचा काय संबंध न्हाय."

"कवा?"

अक्कांना हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं बहुतेक. मग म्हणाल्या, "खंडेनवमीला. पूजा करताना. त्या दिवशी कोण न्हवतं ग्रंथालयात, मी एकटीच हुतो. पूजा झाली आन् उचलून ठेवताना सुटला हातातनं."

मित्रहो, अक्कांना तुम्ही ओळखता. कपाळाला विभूती लावल्याशिवाय आणि लिंगपूजा केल्याशिवाय ज्या पाण्याचा घोट घेत नाहीत, हरवलेल्या पुस्तकाबद्दलसुद्धा "मिळंल" असं ज्या खात्री झाल्याशिवाय म्हणत नाहीत, त्या बाईनं भर समितीत, प्राचार्यांसमोर, शपथेवर सांगावं तसं धडधडीत खोटं सांगितलं. मला आवाजावरून माणसाचं खोटं कळतं. तो आवाज खोटा होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं.

त्या दिवशी समितीतले सगळे बोलले. लॅपटॉप माझ्याकडेच ठेवायचा असं ठरलं, कारण आता दोष माझा नव्हता. मात्र हंबीरराव सरांनी एक बंदी घातली. उमराणी बाईंनी यापुढं या यंत्राला हात लावायचा नाही. ज्या यंत्रासाठी त्यांनी त्या मंडळाचे उंबरे झिजवले, त्याच यंत्राला. अक्का म्हणाल्या, "व्हय सर." बास, एवढंच. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "खोटं बोललेल्या तोंडानं कसं खाऊ?"

मी म्हटलं, "मग बोललात कशाला?"

"तू परत करायला उठलीस म्हणून. गप बस आता. पुस्तक काढ." आणि उपाशीपोटी त्यांनी मला वाचून दाखवलं. त्या दिवशीचं एक अक्षर माझ्या डोक्यात गेलं नाही. पण तो आवाज अजून जसाच्या तसा कानात आहे.

काही दिवसांनी श्रीशैलनी निरोप पाठवला. नवीन काहीतरी सापडलंय. मी आणि अक्का दुकानात गेलो. अक्का टेबलापासून लांब, हात पाठीमागं बांधून उभ्या. श्रीशैल म्हणाले, "अक्का, बसा की हितं." तर म्हणाल्या, "नको. मला हात लावायला बंदी हाय. हात जवळ आला की मोह हुतोय."

श्रीशैलना सापडलं होतं ते असं. लॅपटॉप मेनूतून झोपायला सांगितला की शहाण्यासारखा झोपत होता. झाकण मिटलं की मात्र झोपत नव्हता. आता तुम्ही विचाराल, हे आधी का नाही करून बघितलं? कारण आम्हा सगळ्यांना माहीत असलेली रीत एकच. मिटलं की झोपलं. मेनूत जाऊन कोण सांगत बसतंय, झोप बाबा म्हणून? श्रीशैल म्हणाले, "म्हणजे यंत्र चांगलं हाय, सॉफ्टवेअर बी चांगलं हाय. झाकण मिटलंय हेच त्याला कळंना झालंय." झाकण मिटल्याचं यंत्राला सांगायला बिजागरीपाशी एक बारीक बटण असतं. झाकण त्याच्यावर टेकतं, बटण खाली जातं, यंत्राला कळतं. तसं बटण त्यांनी शोधलं. त्यांना दिसेना. काळ्यावर काळपट काहीतरी होतं, त्यांना तो स्क्रू वाटला.

मी म्हटलं, बघू. मी बिजागरीच्या कडेनं बोट फिरवलं. एका जागी खरबरीत लागलं, वाळलेल्या डिंकासारखं. त्याच्या मधोमध बटणाचं डोकं होतं. दाबलं तर हलेना. आणि त्याच्या अंगाला, फटीत घट्ट बसलेलं काहीतरी लांबट, एका टोकाला निमुळतं. रोज भाताला तांदूळ निवडणाऱ्या मुलीला ते कळायला किती वेळ लागणार?

"तांदूळ आहे," मी म्हटलं.

श्रीशैल म्हणाले, "लॅपटॉपमधी तांदूळ कशाला येतोय?"

अक्कांच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मग त्यांनी पदराची सेफ्टी पिन काढली आणि स्वतः पुढं न होता, लांबूनच हात करून श्रीशैलना दिली. श्रीशैलनी पिनेनं अलगद उकरलं. दाणा टेबलावर पडला. टिक्. त्यांनी उजेडात धरला आणि म्हणाले, "लाल हाय. कुंकू लागलंय ह्याला. अक्षता हाय ही."

खंडेनवमीला आपल्याकडं काय करतात ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची पूजा. शेतकरी नांगराची करतो, माझे अब्बासुद्धा शेजाऱ्यांनी आणून दिलेलं झेंडूचं फूल शिलाई मशीनवर ठेवतात. अक्का ग्रंथालयात शिक्क्याची, दाभणाची, शिडीची पूजा करायच्या. त्या वर्षी पहिल्यांदाच लॅपटॉप होता, पूजेसाठी त्यांनी तो आदल्या दिवशी माझ्याकडून ठेवून घेतला होता. आणि अक्कांनी तो उघडून पूजा केली होती. का उघडला? त्यांचंच उत्तर सांगते: "देवाचं तोंड झाकून कुठं पूजा करतात व्हय?" त्यांनी झाकण उघडून आत, अगदी मायेनं, ओल्या कुंकवाच्या अक्षता वाहिल्या होत्या. फूल काढलं, कुंकू पुसलं. एक दाणा राहिला.

श्रीशैलनी बोळ्यानं जागा पुसली. बटण खाली-वर व्हायला लागलं. झाकण मिटलं. आम्ही तिघं वाकून कान लावून उभे. पंखा थांबला.

आता अक्कांना वाईट वाटेल, त्या रडतील, म्हणून मी त्यांचा हात शोधला. तर अक्का म्हणाल्या, "अय्यो शिवा! म्हंजे मी खोटं न्हाय बोललो?"

मला काही कळेना.

"आगं तंगी, बघ की! खंडेनवमीलाच झालं. पूजा करतानाच झालं. माझ्याच हातनं झालं. अन् पडलं म्हणालो ते बी खरंच, दाणा पडला की माझ्या हातनं! शिवानं माझी जीभ वाचवली बघ." आणि त्या एवढ्या मोकळ्या हसल्या, एवढ्या मोठ्यांदा, की शेजारच्या क्लासमधली मुलं खिडकीशी आली. मग म्हणाल्या, "चल, जेवूया. मला लई भूक लागलीया."

मी म्हटलं, समितीला जाऊन सांगूया. बंदी उठेल. त्यांनी मला साफ अडवलं. "आधी पडलं म्हणून सांगितलं, आता तांदूळ अडकला हुता म्हणून सांगायचं? दोन्ही थापाच वाटतील. आणि हंबीरराव उद्यापास्नं पूजाच बंद करतील. राहू दे. मला काय फरक पडत न्हाय."

फरक पडत होता. मला तो ऐकू यायचा. लॅपटॉप माझ्याशी बोलत असताना अक्का शेजारी उभ्या राहायच्या, धूळ दिसली तर "तंगी, उजव्या अंगाला पूस" म्हणायच्या, पण बोट लावायच्या नाहीत. सरांनी एकदा तोंडी सांगितलेली बंदी या बाईनं आजतागायत पाळली. मी एम.ए. झाले, सेट परीक्षा पास झाले, इथंच शिकवायला लागले. मंडळानं लॅपटॉप माझ्याच नावानं करून दिला. अक्कांनी त्याला हात लावला नाही. प्रत्येक खंडेनवमीला झाकण मिटलेल्या लॅपटॉपपुढं त्या माझा तळहात उघडायच्या, त्यात फूल ठेवायच्या आणि माझा हात धरून ते वाहायला लावायच्या. हात माझा, पूजा त्यांची. अक्षता मात्र नाहीत. अक्षतांची त्यांनी धास्तीच घेतली होती.

सत्काराला उत्तर देताना अक्का म्हणतील की मी काही केलं नाही, माझं कामच होतं. आधीच सांगून ठेवते, ते ऐकू नका. मला वाचून दाखवणं हे त्यांचं काम नव्हतं. लॅपटॉपसाठी चपला झिजवणं नव्हतं. माझ्यावर येणारा बोल स्वतःच्या अंगावर घेणं तर कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. अक्का, तुम्ही त्या दिवशी उठून उभ्या राहिला नसता तर मी आज जयसिंगपुरात अब्बांच्या दुकानात काजं-बटणं करत बसले असते. ते काम वाईट नाही. पण मला शिकवायचं होतं. मी तुमची फार फार ऋणी आहे. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, कारण बोलायला लागले की तुम्ही म्हणता, गप बस, पुस्तक काढ.

अध्यक्ष महोदय, आता एक विनंती. आज कार्यालय सुटलं की अक्का सेवेतून मोकळ्या होतील. ती बंदी मात्र अजून लागू आहे. हंबीरराव सर, खरं काय घडलं ते आपल्याला आज, माझ्याकडून, सगळ्यांच्या देखत कळलं. आपण रागावला नसाल अशी आशा आहे. आपण घातलेली बंदी आपणच उठवावी.

सर, आपण मान हलवली असेल तर मला दिसत नाही. तोंडानं सांगा.

धन्यवाद, सर. सगळ्यांनी ऐकलं. काय म्हणालात? "अक्षता बी टाका म्हणावं"? सर, त्याच्या आधी श्रीशैलना विचारावं लागेल.

अक्का, या वर. पायऱ्या आहेत, जपून. हा माझा हात. हे झाकण. हे आता तुम्ही मिटायचं. मिटलं की माझं भाषण आतच राहणार, पण पुढचं मला पाठ आहे. रडू नका, तुमचं पाणी बटणात जाईल आणि परत पहिल्यापासून सुरू. हां. मिटा.

थांबा, टाळ्या नकोत. मला ऐकू दे.

थांबला पंखा. झोपले साहेब.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांची, आस्थेनं आलेल्या प्रमुख पाहुण्यांची, मोठ्या मनानं हसून घेतल्याबद्दल हंबीरराव सरांची, अक्कांची ती पिन आजवर जपून ठेवल्याबद्दल श्रीशैलची, आणि मला पुन्हा शिकायला पाठवायला नकार न दिल्याबद्दल माझ्या अब्बांची मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादं नाव मागंपुढं झालं असेल, थट्टेत कुणाला लागलं असेल, तर कृपा करून त्याची चौकशी करू नका. कारण चौकशी सुरू झाली की अक्का खुर्ची सरकवून उठतील आणि काय म्हणतील ते मला माहीत आहे. म्हणून त्यांच्या आधी मीच उभी राहून सांगते.

आज इथं जे काही पडलं, ते माझ्या हातनं पडलं.

नमस्कार.